परसातील मधपेटी : शिक्षकांसाठी मधमाशीपालनाची ओळख

खेड्यातील माणसाला मध अपरिचित नाही. देवाच्या पंचामृतासाठी, वैद्याने दिलेल्या औषधाच्या अनुपानासाठी आणि घरातील लहानमोठ्या दुखण्यांत तो नेहमी लागतो. परंतु तो मिळविण्याची जी रीत पुष्कळ ठिकाणी अद्याप चालू आहे, ती समाधानकारक नाही. झाडावर अथवा कड्यावर मोहोळ दिसले की रात्री पेटता पलिता त्याखाली धरावयाचा, माश्या होरपळून पडल्या की सबंध पोळे कापून आणावयाचे आणि मध, अंडी, अळ्या व मेण हे सारे एकत्र पिळून काढावयाचे, अशी ही रीत आहे. तिच्यामुळे थोड्याशा मधासाठी हजारो माश्यांची वसाहत समूळ नाहीशी होते. पिळून काढलेल्या मधात अळ्यांचा रस व पोळ्यातील मळ मिसळल्याने तो लवकर आंबतो. शिवाय ज्या माश्यांच्या येण्याजाण्याने गावच्या पिकांना व फळझाडांना फळधारणा होते, त्याच माश्या दरवर्षी उणावत जातात. हे तिसरे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच ते सर्वांत मोठे आहे.

याउलट, माश्यांना न मारता, त्यांच्या पिलांना धक्का न लावता व त्यांच्या पोटापुरता साठा त्यांना ठेवून उरलेला मध काढून घेता येतो. यालाच मधमाशीपालन म्हणतात. ही विद्या आपल्याकडे नवी नाही. १९३४ साली वर्धा येथे स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने ज्या ग्रामोद्योगांचा पुरस्कार केला, त्यांत मधमाशीपालनाचा समावेश होता. पुढे महाबळेश्वर हे या उद्योगाचे महाराष्ट्रातील प्रमुख केंद्र बनले व राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय तेथेच आहे. पुणे येथे १९६२ साली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था सुरू झाली. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून घोषित झाले. तथापि हा केवळ मोठ्या प्रमाणावर करावयाचा धंदा आहे, असे समजण्याचे कारण नाही. परसात एक-दोन पेट्या ठेवून घरापुरता मध मिळविणे हे प्राथमिक शिक्षकाला फावल्या वेळात सहज साधण्याजोगे आहे. त्यासाठी अंगी चिकाटी व निरीक्षणाची आवड मात्र हवी.

मधमाश्यांचे प्रकार

आपल्या परिसरात मुख्यतः चार प्रकारच्या मधमाश्या आढळतात आणि त्यांतील प्रत्येकीचा स्वभाव वेगळा आहे.

पहिली आग्या माशी. ही आकाराने सर्वांत मोठी व स्वभावाने अत्यंत तापट असते. उंच झाडांच्या फांद्यांना, कड्यांना, पुलांना किंवा पाण्याच्या टाक्यांना ती एकच मोठे पोळे उघड्यावर बांधते. हिच्या पोळ्यात मध पुष्कळ असतो. परंतु ती पेटीत राहत नाही. दुसरी फुलोरी माशी. ही लहान असून झुडपात तळहाताएवढे एकच पोळे बांधते. तीही उघड्यावर राहणारी असल्याने पाळता येत नाही. तिसरी पोयाची माशी. भिंतीच्या फटीत किंवा झाडाच्या ढोलीत राहणाऱ्या या चिमुकल्या माशीला कामाचा असा डंख नसतो. तिचा मध फार थोडा मिळतो.

चौथी सातेरी. ही झाडाच्या ढोलीत, वारुळात, कपारीत, जुन्या भिंतीच्या पोकळीत अशा अंधाऱ्या जागी राहते आणि एकाशेजारी एक अशी अनेक समांतर पोळी बांधते. सातेरीचा हाच गुण मनुष्याच्या उपयोगी पडतो. जी माशी बंद जागेत समांतर पोळी बांधते, ती लाकडी पेटीतही तशीच पोळी बांधून राहते. सातेरी मध्यम आकाराची, आपल्या हवामानात वाढलेली व योग्य रीतीने हाताळल्यास शांत असते. व्यापारी मधपाळ युरोपातून आलेल्या मेलिफेरा जातीच्या माश्याही पाळतात. त्यांच्यापासून मध अधिक मिळतो. परंतु फुलोऱ्याच्या शोधात पेट्या एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात हलवाव्या लागतात. हौसेने एक-दोन पेट्या ठेवू इच्छिणाऱ्याने, विशेषतः सह्याद्रीच्या परिसरात, सातेरीपासूनच प्रारंभ करावा.

वसाहतीचा संसार

माशी पाळणे म्हणजे वस्तुतः एकेक माशी पाळणे नव्हे, तर वसाहत सांभाळणे होय. सातेरीच्या वसाहतीत काही हजारांपासून वीस-पंचवीस हजारांपर्यंत माश्या असतात. त्यांत एक राणी, ऋतुमानाप्रमाणे काही शे नर आणि बाकी सर्व कामकरी माश्या असतात.

राणी ही नावाची राणी. ती हुकूम देत नाही. अंडी घालणे हेच तिचे काम. आयुष्याच्या प्रारंभी ती आकाशात उडून अनेक नरांशी संयोग पावते आणि त्यानंतर पेटीतच राहून हंगामात दिवसाला कित्येक शे अंडी घालते. फलित अंड्यापासून मादी व अफलित अंड्यापासून नर निपजतो. फलित अंड्यातून निघालेल्या अळीला पहिले काही दिवस व पुढेही केवळ राजान्न मिळत राहिले तर तिची राणी होते. थोड्याच दिवसांत पराग व मध यांचे मिश्रण सुरू झाले तर तिची कामकरी माशी होते. अंडे एकच, पण आहार बदलला की जन्मभराचे जीवनकार्य बदलते.

कामकरी माशी अंड्यापासून सुमारे तीन आठवड्यांत पूर्ण वाढते. तिची कामे वयाप्रमाणे बदलत जातात. प्रथम घरे साफ करणे, मग अळ्यांना भरविणे, नंतर पोटाखालच्या ग्रंथींतून मेण स्रवून पोळे बांधणे, पुढे दारावर पहारा आणि सर्वांत शेवटी फुलांवर जाऊन मकरंद, पराग व पाणी आणणे, असा तिचा क्रम असतो. ऐन हंगामात तिचे आयुष्य अवघे सहा आठवड्यांच्या आसपास असते. फुलांतून आणलेला पातळ मकरंद माश्या एकमेकींच्या तोंडी देतात, त्यात आपल्या शरीरातील पाचकरस मिसळतात आणि पंखांनी वारा घालून त्यातील पाणी आटवितात. तो पुरेसा घट्ट झाला म्हणजे मेणाच्या पातळ टोपणाने घर बंद करतात. हे टोपण म्हणजे मध पक्व झाल्याची खूण होय.

पेटीची रचना

पूर्वी मडक्यात किंवा पोकळ ओंडक्यात माश्या ठेवीत. त्यांत पोळी भिंतीला चिकटलेली असल्याने मध काढावयाचा म्हणजे पोळे कापणे आलेच. ही अडचण लॉरेन्झो लँगस्ट्रॉथ या अमेरिकन धर्मोपदेशकाने १८५१ साली दूर केली. दोन पोळ्यांमध्ये किंवा पोळे व भिंत यांमध्ये सुमारे ६ ते ९ मिलिमीटर मोकळी जागा ठेवली, तर माश्या ती जाण्यायेण्याची वाट म्हणून मोकळी ठेवतात. त्याहून अधिक ठेवली तर तेथे पोळे बांधतात आणि कमी ठेवली तर डिंकासारख्या पदार्थाने बुजवितात, ही गोष्ट ध्यानात घेऊन त्याने सुट्या चौकटींची पेटी तयार केली. आजच्या सर्व मधपेट्या या एका तत्त्वावर उभ्या आहेत. भारतीय माशी आकाराने लहान असल्याने तिला लहान पेटी लागते. दक्षिण भारतात फादर न्यूटन यांनी १९१० नंतरच्या काळात अशी पेटी बनवून तिचा प्रसार केला.

पेटीचे मुख्य भाग असे. सर्वांत खाली तळपाट व त्याच्या पुढच्या बाजूस माश्यांचे दार. त्यावर पिलाव्याची कोठी. पिलावा म्हणजे अंडी, अळ्या व कोष. हिच्यात चौकटी उभ्या टांगलेल्या असतात व राणी येथे राहते. तिच्यावर कमी उंचीची मधकोठी ठेवतात. वसाहत जोमदार झाली म्हणजे माश्या जादा मध या कोठीत साठवितात. सर्वांच्या वर आतले झाकण व पावसापासून बचाव करणारे छप्पर. मालकाने घ्यावयाचा मध केवळ मधकोठीतला; खालच्या कोठीतला माश्यांचा. ही मर्यादा ज्याने पाळली, त्याच्या पेटीत माश्या टिकतात.

चौकटी व कोठ्या यांच्या मापांत थोडाही फरक चालत नाही. म्हणून गावच्या सुताराकडून पेटी करवून घ्यावयाची झाल्यास त्याच्यापुढे प्रमाणित पेटी नमुन्यादाखल ठेवावी. पेटीबरोबर धूर देण्याचे यंत्र, जाळीचा बुरखा, चौकटी उचकटण्याची पट्टी व मऊ कुंचा एवढे साहित्य पुरते. मध काढण्याचे यंत्र महाग असते. ते दोन-चार मधपाळांत मिळून घ्यावे किंवा जवळच्या मध केंद्राकडून मागावे.

प्रारंभापूर्वी तीन गोष्टी

पहिली गोष्ट प्रशिक्षण. पुस्तक किंवा लेख वाचून पोहता येत नाही, तसेच माश्याही पाळता येत नाहीत. पेटी घेण्यापूर्वी एखाद्या अनुभवी मधपाळाबरोबर निदान पाच-सहा वेळा पेटी उघडून पाहावी. महाबळेश्वर व पुणे येथील वर सांगितलेल्या संस्थांत प्रशिक्षणाची सोय आहे.

दुसरी गोष्ट फुलोरा. सातेरी माशी साधारणपणे एक-दीड किलोमीटरच्या परिघात अन्न शोधते. तेवढ्या टापूत वर्षभर कोणत्या महिन्यात काय फुलते, याचा तक्ता शिक्षकाने प्रथम तयार करावा. घाटमाथ्यावर जांभूळ, हिरडा व गेळा हे वसंत-ग्रीष्मात भरपूर मकरंद देतात. कारवी अनेक वर्षांच्या अंतराने एकदम फुलते व त्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस मधाचा सुकाळ होतो. देशावर कडुनिंब, चिंच, शेवगा, बाभूळ, निलगिरी, तीळ, कारळे, सूर्यफूल, करडई, धने व बियाण्यासाठी राखलेला कांदा ही माश्यांची अन्नदाती झाडे व पिके होत. मका, ज्वारी व बाजरी यांपासून पराग मिळतो. ज्या गावी वर्षातील आठ महिने शेते व रान उघडे-बोडके असते, तेथे आधी झाडे लावावीत व मगच पेटीचा विचार करावा.

तिसरी गोष्ट जागा. पेटी जमिनीपासून गुडघाभर उंच घडवंचीवर ठेवावी व घडवंचीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. सकाळचे ऊन व दुपारची सावली मिळेल, वारा व पावसाचा मारा लागणार नाही आणि जवळ स्वच्छ पाणी असेल अशी जागा निवडावी. माश्यांच्या दारासमोर माणसांची किंवा गुराढोरांची वाट नसावी. आठ-दहा फुटांवर दाट कुंपण असल्यास माश्या त्यावरून उंच उडून जातात व येणाऱ्या-जाणाऱ्यांस त्यांचा उपद्रव होत नाही.

वसाहत मिळविणे

वसाहत मिळविण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, जाणत्या मधपाळाकडून माश्यांनी भरलेली पेटी विकत घेणे. नवशिक्याला हाच मार्ग बरा. दुसरा, ढोलीतील किंवा वारुळातील मोहोळ पेटीत भरणे. हे काम सायंकाळी, जाणत्या माणसाच्या हातून करवून घ्यावे. त्यात पिलाव्याची पोळी अलगद कापून केळीच्या सोपाने चौकटीत बांधतात व राणी सापडली म्हणजे तिला लहानशा जाळीच्या पिंजऱ्यात घालून पेटीत ठेवतात. राणी पेटीत गेली की कामकरी माश्या आपोआप मागून येतात. दोन-तीन दिवसांत त्या पोळी चौकटीला चिकटवितात. मग राणीला मोकळे करावे व सोपाचे बंध काढून टाकावेत.

प्रारंभासाठी पावसाळा संपल्यानंतरचा, साधारण ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. पुढे फुलोरा येणार असल्याने वसाहतीला वाढण्यास अवसर मिळतो. शक्य असल्यास एकाऐवजी दोन पेट्यांनी प्रारंभ करावा. एकीची स्थिती दुसरीशी ताडून पाहता येते आणि एकीची राणी नाहीशी झाल्यास दुसरीतील अंड्यांची चौकट देऊन तिला सावरता येते.

तपासणी व वर्षभराची निगा

पेटी वारंवार उघडू नये. फुलोऱ्याच्या दिवसांत आठ-दहा दिवसांनी व इतर वेळी त्याहून कमी तपासणी पुरते. निरभ्र, उबदार सकाळ निवडावी. पाऊस, जोराचा वारा किंवा अंधार असता पेटीला हात लावू नये. अत्तर, सुवासिक तेल किंवा घामाचा वास अंगाला नसावा. पेटीच्या बाजूस उभे राहावे, दारापुढे नव्हे. दारातून दोन-तीन हलके झोत धुराचे द्यावेत व मग सावकाश झाकण काढावे. चौकट उभी धरून सरळ वर उचलावी आणि पेटीवरच धरून पाहावी, म्हणजे राणी चुकून पडली तरी पेटीतच पडेल. सूर्य पाठीशी घेतला की घरांच्या तळाशी तांदळाच्या कणीहून बारीक अशी उभी अंडी दिसतात. ताजी अंडी दिसली म्हणजे राणी आहे असे समजावे. तिला प्रत्यक्ष शोधीत बसण्याची आवश्यकता नाही.

वर्षातील दोन काळ विशेष लक्ष देण्याचे. एक वसंतापूर्वीचा. या वेळी वसाहत भरभराटीला येते, पेटीत जागा अपुरी पडते आणि पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगदाण्याच्या टरफलासारखी लोंबती राणीघरे दिसू लागतात. हे वसाहत फुटण्याचे लक्षण होय. जुनी राणी अर्ध्याअधिक माश्यांसह बाहेर पडण्यापूर्वी मधकोठी चढवून जागा द्यावी किंवा जाणत्याच्या साहाय्याने वसाहतीचे दोन भाग करावेत.

दुसरा काळ पावसाळ्याचा. घाटमाथ्यावर जून ते ऑगस्ट या महिन्यांत माश्यांना दिवसचे दिवस बाहेर पडता येत नाही. या वेळी पेटीत साठा नसेल तर वसाहत उपाशी मरते किंवा पेटी सोडून निघून जाते. सातेरीला पेटी सोडून जाण्याची खोड आहे आणि पुष्कळ नवशिक्यांची निराशा याच एका कारणाने होते. मे महिन्यात सगळा मध काढून घेणारा मालक जुलै महिन्यात रिकाम्या पेटीपुढे उभा राहतो. म्हणून शेवटच्या फुलोऱ्याचा मध माश्यांना ठेवावा आणि तरीही साठा कमी पडल्यास साखर व पाणी समभाग घेऊन केलेला पाक सायंकाळी पेटीच्या आत द्यावा. उघड्यावर ठेवलेल्या पाकाने दुसऱ्या वसाहतीच्या माश्या येऊन लुटालूट सुरू होते. पाक दिलेल्या काळात साठलेला द्रव मध म्हणून काढू नये. तो मध नव्हे.

माश्यांच्या शत्रूंत मेणपतंग मुख्य. त्याच्या अळ्या पोळ्यांत जाळीदार बोगदे करतात. वसाहत जोमदार ठेवणे, रिकामी व काळवंडलेली पोळी काढून टाकणे आणि तळपाट स्वच्छ ठेवणे हाच त्यावर उपाय. गांधीलमाशी, पाल व वेडा राघू हेही माश्या खातात. गांधीलमाशीला मात्र सातेरी एक विलक्षण उत्तर देते. शेकडो माश्या तिच्याभोवती घट्ट गराडा घालून अंगच्या उष्णतेने तिला मारतात. रोगांत थाई सॅकब्रूड हा विषाणूजन्य रोग सातेरीला घातक आहे. १९९१-९२ च्या सुमारास त्याने दक्षिण भारतातील असंख्य वसाहती नष्ट केल्या. अळ्या पिशवीसारख्या फुगून मेलेल्या दिसल्यास त्या पेटीतील चौकटी दुसऱ्या पेटीत घालू नयेत व तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

सर्वांत मोठा धोका मात्र कीटकनाशकांचा आहे. फुलोऱ्यात असलेल्या पिकावर सकाळी फवारणी झाली तर सायंकाळपर्यंत पेटीपुढे मेलेल्या माश्यांचा सडा पडतो. शेजारच्या शेतकऱ्यांशी बोलून, शक्यतो फुलोऱ्यात फवारणी टाळावी व करावीच लागल्यास माश्या परतल्यावर सायंकाळी करावी, असे ठरवून घ्यावे. या कामी शिक्षकाच्या शब्दाला गावात वजन असते.

मध काढणे व ठेवणे

मधकोठीतील पोळ्याची निदान तीन चतुर्थांश घरे टोपणांनी बंद झाली म्हणजेच मध काढावा. घाईने काढलेल्या कच्च्या मधात पाणी अधिक राहते व तो आंबतो. आपल्या देशातील अन्नमानकाप्रमाणे मधात पाण्याचे प्रमाण शेकडा २० पेक्षा अधिक नसावे. टोपणे धारदार सुरीने काढून चौकट यंत्रात ठेवावी. यंत्र फिरविले की मध घरांतून बाहेर फेकला जातो व पोळे शाबूत राहते. ते परत पेटीत ठेवले म्हणजे माश्या पुन्हा भरतात. नवे पोळे बांधण्यास माश्यांना पुष्कळ मध खर्ची घालावा लागतो. तो या रीतीने वाचतो. मध स्वच्छ कापडातून गाळून कोरड्या काचेच्या बरणीत घट्ट झाकून ठेवावा.

सातेरीच्या एका पेटीपासून चांगल्या ठिकाणी वर्षाला साधारण चार-पाच किलो मध मिळतो. पहिल्या वर्षी काहीच न मिळाल्यास त्याचे वाईट वाटून घेऊ नये.

थंडीत मध साखरेसारखा गोठतो. त्यावरून तो भेसळीचा ठरत नाही. बरणी कोमट पाण्यात ठेवली म्हणजे तो पूर्ववत् होतो. विस्तवावर मात्र तापवू नये. पाण्यात थेंब टाकून, कापसाची वात पेटवून किंवा मुंग्या लावून मधाची पारख करण्याचे प्रकार विश्वसनीय नाहीत. भेसळ प्रयोगशाळेतच कळते. आपल्या डोळ्यांदेखत काढलेला मध हीच घरच्या पेटीची खरी मिळकत.

एक गोष्ट शिक्षकाने पालकांना आवर्जून सांगावी. एक वर्षाच्या आतील बालकास मध मुळीच चाटवू नये. मध कितीही शुद्ध असला तरी त्यात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जंतूची बीजुके असू शकतात. मोठ्यांना त्यांचा त्रास होत नाही. परंतु तान्ह्या मुलाच्या आतड्यात ती वाढून प्राणघातक विषबाधा होऊ शकते. नवजात बालकाला मधाचे बोट लावण्याची चाल कितीही जुनी असली तरी ती सोडणेच हितावह आहे.

डंख व दक्षता

माशी आपल्या वसाहतीच्या रक्षणासाठी डंख मारते व त्यातच मरते. डंखाबरोबर सुटणाऱ्या वासाने इतर माश्या चवताळतात. म्हणून डंख लागताच तो नखाने खरवडून ताबडतोब काढावा, जागा पाण्याने धुवावी व थंड पाण्याची घडी ठेवावी. साधी सूज एक-दोन दिवसांत उतरते. परंतु काही माणसांना एकाच डंखाने श्वास कोंडणे, ओठ-चेहरा सुजणे, सर्वांगावर गांधी उठणे किंवा भोवळ येणे असे होते. अशा वेळी घरगुती उपाय करीत न बसता रोग्यास तत्काळ प्राथमिक आरोग्य केंद्रात अथवा रुग्णालयात न्यावे. ज्यांना असा त्रास पूर्वी झाला आहे त्यांनी हा छंद धरू नये.

मधपेटी शाळेच्या आवारात, मुलांच्या खेळण्याच्या जागी ठेवू नये. शिक्षकाच्या परसात ती ठेवावी व पालकांच्या संमतीने लहान लहान गटांनी मुलांना ती दुरून दाखवावी. शाळेजवळच्या झाडावर आग्या मोहोळ असल्यास मुलांना दगड मारू देऊ नये व त्याखाली धूर होऊ देऊ नये. आग्या माश्या उठल्याच तर हातवारे न करता, तोंड-डोळे झाकून, सरळ धावत बंद खोलीत जावे. पाण्यात उडी मारू नये. माश्या वर घिरट्या घालीत राहतात. हे मुलांना वर्षातून एकदा तरी सांगून ठेवावे.

अध्यापनातील उपयोग

पेटीशिवायही मधमाशीचा पाठ उत्तम घेता येतो. लाल भोपळ्याच्या वेलावर उद्या उमलणार अशी चार मादीफुले आदल्या सायंकाळी निवडावीत. त्यांच्या देठाशी चिमुकला भोपळा दिसतो, त्यावरून ती ओळखता येतात. दोन फुलांवर पातळ कापडाची पिशवी बांधावी व दोन मोकळी ठेवावीत. फुले मिटल्यावर पिशव्या काढाव्यात. आठवड्याभरात झाकलेल्या फुलांचे भोपळे पिवळे पडून गळतात आणि मोकळ्या फुलांपैकी ज्यांवर माश्या येऊन गेल्या ती धरतात. 'परागीभवन' या शब्दाची व्याख्या पाठ करण्यापेक्षा हा गळालेला भोपळा मुलांच्या अधिक दिवस लक्षात राहील. पुढे हीच मुले शेत कसू लागतील, तेव्हा फवारणीची वेळ ठरविताना त्यांना त्याची आठवण होईल.

गणितासाठी पोळ्याचे घर घ्यावे. एकाच मापाचे समभुज त्रिकोण, चौरस अथवा षट्कोन लावून जागा सांध न राहता भरता येते. त्यांपैकी प्रत्येकाचे क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर ठेवले तर त्रिकोणाची परिमिती सुमारे ४५.६, चौरसाची ४० व षट्कोनाची सुमारे ३७.२ सेंटिमीटर येते. सर्वांत कमी भिंत, म्हणजे सर्वांत कमी मेण, षट्कोनास लागते. जागेचे समान भाग करण्यास याहून कमी भिंतीची दुसरी रचना नाही, हे गणिताने पूर्णपणे सिद्ध व्हावयास १९९९ साल उजाडले. टॉमस हेल्स या गणितज्ञाने ती सिद्धता दिली. दिशाज्ञानासाठी माशीचे नृत्य सांगावे. फुलांचा शोध लागलेली माशी पोळ्यावर शेपूट हलवीत सरळ रेषेत चालते. ती रेषा उभ्या दिशेशी जो कोन करते तोच कोन सूर्य व फुले यांच्या दिशांत असतो. आणि चालण्यास जितका वेळ अधिक, तितके फुलांचे अंतर अधिक. ही भाषा उलगडणारे कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

गावातील फुलांचा तक्ता मुलांकडून करवून घेणे हाही एक सुंदर उपक्रम आहे. प्रत्येक आठवड्याला काय फुलले व त्यावर कोणती माशी बसली याची नोंद मुलांनी ठेवली, तर वर्षाअखेरीस त्या गावचे असे एक पुष्पपंचांग तयार होते, की जे कोणत्याही छापील पुस्तकात सापडणार नाही. पेटी ठेवू इच्छिणाऱ्या शिक्षकालाही पहिली आवश्यकता याच पंचांगाची असते.

पेटीपासून शिक्षकाला मिळणारा मध बरणीभरच असेल. परंतु त्याच्या परसातून न जाळता, न पिळता मध निघतो आणि माश्या जागच्या जागी राहतात, हे गावाने एकदा प्रत्यक्ष पाहिले म्हणजे पुढल्या मोहोळाखाली पलिता नेणारा हात थोडा तरी थबकेल. एका शिक्षकाने एका पेटीकडून याहून अधिकाची अपेक्षा ठेवण्याचे कारण नाही; आणि एवढे साधले तरी गावच्या शेताला व रानाला त्याचा लाभ दीर्घकाळ मिळत राहील.